राखीव टेबलावरचा कोबी

मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे. ती पुसता येते, माझं तसं नाही. माझ्यावर जे लिहिलं ते एकदाच लिहिलं आणि त्याच्यावरच मला जन्म काढायचा आहे. लाल रंगावर पिवळ्या अक्षरांत एकच शब्द: 'राखीव'. आणि उजव्या कोपऱ्यात एक कोबी.

मित्रांनो, तो कोबी नाही. पण त्याबद्दल पुढे सांगते.

माझा जन्म जुन्या नाशकातल्या निजामभाई पेंटरच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी कपाटाच्या दाराला लावून उरलेल्या प्लायवुडच्या तुकड्यातून मी निघाले. फोटोच्या फ्रेमला मागे असतो तसा मला एक दुमडता पाय आहे. जरा सैल आहे, त्यामुळे मला हलवलं की टक टक वाजतं. फ्लेक्स येण्याआधी अर्ध्या नाशिकच्या दुकानांची नावं निजामभाईंच्या ब्रशातून उतरायची. फ्लेक्स आला आणि ते दिंडोरीकडे जाऊन ट्रॅक्टरच्या मागे 'आईचा आशीर्वाद' रंगवू लागले. माझा जन्म साधारण त्या बदलातला.

माझी अक्षरं वाळत घालून निजामभाई जेवायला वर गेले. दुकानात त्यांची मुलगी मेहविश खेळत होती, फ्रॉक घालण्याच्या वयाची. तिला माझा कोपरा रिकामा दिसला. मुलांना रिकामा कोपरा दिसला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिने ब्रश उचलला आणि गुलाब काढला. आता झालं असं की, डब्यांपैकी उघडा होता तो फक्त हिरव्या रंगाचा. त्यामुळे देठ हिरवा, पानं हिरवी आणि पाकळ्याही हिरव्याच.

"अब्बा, गुलाब!" ते खाली आल्यावर ती म्हणाली.

निजामभाईंनी टर्पेंटाइनचं फडकं हातात घेतलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडकं परत ठेवून दिलं.

पाटी न्यायला राकेशशेठ आले. त्यांनी मला उलटीसुलटी केली आणि विचारलं, "पेंटर, हा कोबी कशाला काढलाय?"

निजामभाई एक क्षणही न थांबता म्हणाले, "शुद्ध शाकाहारी आहे ना शेठ तुमचं? लांबूनच कळलं पाहिजे गिऱ्हाइकाला."

राकेशशेठना ते पटलं. त्या दिवसापासून मी कोबीवाली पाटी झाले.

राकेशशेठ हे दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातले. फवारणीच्या वासाने त्यांना शिंका यायच्या, म्हणून त्यांनी बाग भावाकडे सोपवली आणि इंदिरानगरात हॉटेल काढलं. आता त्यांना फोडणीच्या वासाने शिंका येतात. हॉटेलचं नाव 'संजना गार्डन फॅमिली रेस्टॉरंट'. संजना म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, गल्ल्यावर बसतात. गार्डन म्हणजे दारातल्या तीन कुंड्या. त्यातलं एक झाड प्लॅस्टिकचं आहे, आणि तेच तेवढं टवटवीत असतं.

वेटर तसे येतात आणि जातात, पण टिकून राहिला तो झुंबर. सिन्नरकडचा, भरघोस मिशांचा माणूस. पाण्याचे चार ग्लास एका हातात आणायचे झाले तर चार बोटं चार ग्लासांत बुडवावी लागतात, हे त्याचं शास्त्र होतं. टेबल तो इतक्या उत्साहाने पुसायचा की खरकटं जायचं ते थेट बसलेल्या माणसाच्या मांडीवर. तुम्ही मोठा घास घेऊन गाल फुगवले की नेमका त्याच क्षणी तो विचारणार, "अजून काय आणू?" आणि तुम्ही 'पनीर बटर मसाला की पनीर टिक्का मसाला' यावर घरात भांडण लावून घेतलंत तर तो शांतपणे उभा राहायचा. दोन्ही एकाच पातेल्यातून निघतात हे त्याला ठाऊक होतं, पण लोकांच्या निवडीच्या स्वातंत्र्यात तो पडत नसे.

माझी जागा कूलरजवळच्या टेबलावर होती. सहा खुर्च्यांचं, खिडकीचं, हॉटेलातलं सगळ्यात चांगलं टेबल. आता तुम्ही विचाराल, ते टेबल राखीव कुणासाठी होतं?

कुणासाठीच नव्हतं.

राकेशशेठचं तत्त्वज्ञान असं होतं की, रिकामं टेबल हे रिकामं दिसतं, पण पाटी ठेवलेलं रिकामं टेबल भरलेलं दिसतं. मंगळवारी दुपारी हॉटेलात माशासुद्धा गिऱ्हाइकाची वाट पाहत असायच्या, तेव्हाही मी मान ताठ करून 'राखीव' म्हणून उभी असे. आणि माझा खरा उपयोग असायचा रविवारी.

रविवारची संध्याकाळ म्हणजे काय असते, हे तुम्हाला माहीत आहे. दाराबाहेर बाकडी भरतात. मग लोक आत शिरतात आणि जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहतात. जेवणारा कितवी पोळी तोडतोय, हे मागचा माणूस त्याच्या डोक्यावरून वाकून पाहतो. जेवणाऱ्याने बडीशेप मागितली की मागचा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. जेवणाऱ्याने बडीशेपेऐवजी आइस्क्रीम मागितलं की मागून इतका मोठा सुस्कारा येतो की पुढच्याचा टिश्यूपेपर उडतो.

अशा वेळी एखादं नेहमीचं कुटुंब ताटकळलेलं दिसलं की राकेशशेठ त्यांच्याजवळ जायचे. इकडेतिकडे पाहायचे. आवाज खाली आणायचे. "एक पार्टी यायची होती हो. मेडिकलवाल्यांची. पण जाऊ द्या. तुमच्यासाठी करतो ॲडजस्ट." मग मला दोन बोटांनी उचलून बगलेत मारायचे. ते कुटुंब छाती काढून बसायचं. वडील मुलांना म्हणायचे, "बघितलं? ओळख लागते." ते जेवून गेले की मी परत टेबलावर. पुढच्या कुटुंबासाठी पुन्हा तीच पार्टी यायची राहायची. असं करता करता इंदिरानगरात राकेशशेठशी खास ओळख नसलेलं एकही घर उरलं नाही.

मला वाईट वाटायचं, मित्रांनो. चमच्याला आमटी मिळते, ग्लासाला पाणी मिळतं. मी ज्यांच्यासाठी उभी होते ते कधीच आले नाहीत, कारण ते नव्हतेच. लहान मुलं मात्र माझ्यापाशी हमखास यायची, बोट ठेवायची आणि ओरडायची, "मम्मी, कोबी!"

आणि मग एके दिवशी दुपारी निजामभाई हॉटेलात आले. केस पांढरे झाले होते, बोटांच्या नखांत रंग तसाच होता. गल्ल्यावर संजनावहिनी, टेबलावर डोकं टेकून झुंबर.

"झुंबरभाऊ, येत्या रविवारी संध्याकाळी एक टेबल राखून ठेवायचंय."

झुंबर डोकं न उचलता म्हणाला, "ठेवलेलंच हाय की. ते काय, कूलरपाशी."

"ते कुणासाठी आहे?"

"कुणासाठीच नाय."

"मग माझ्यासाठी ठेवा."

आता झुंबर उठून बसला. "म्हंजे... तुम्ही खरंच येणार?"

"सहा माणसं."

झुंबरने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी झुंबरकडे पाहिलं. हॉटेल उघडल्यापासून असा प्रसंग आलाच नव्हता आणि आल्यावर काय करायचं हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. शेवटी वहिनींनी विचारलं, "पण कशासाठी हो?"

मग निजामभाईंनी सांगितलं. मेहविशला मालेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा अरसलान, यंत्रमाग दुरुस्त करतो. मुलाचं काही म्हणणं नाही, आई झेबाभाभीही साध्या, पण वडील मुस्तकीमभाई फार मानी. मागे एका घरी पाहुणचाराला गेले असता बसायला सांगायला यजमानांना जरा उशीर झाला, तर गृहस्थ दारातूनच मालेगावला परत.

"मग घरीच बोलवा ना," वहिनी म्हणाल्या.

"घर?" निजामभाई हसले. "वहिनी, पेंटरच्या घराला कधी रंग बघितलाय का तुम्ही? भिंतींवर सगळ्या डब्यांचे शेवटचे फटकारे आहेत. माजिदा म्हणते, या घरात व्याही आणलेस तर मीच माहेरी जाईन."

"आणि आमच्याकडे व्हेजच मिळतं, हे माहितीये ना?"

"म्हणून तर. मटण कच्चं राहिलं म्हणून व्याही रुसतात, पनीर कच्चं राहिलं असं कुणी म्हणत नाही."

झुंबरने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "निजामभाई, टेबल तुमचं. कुणाचे पाव्हणे उभे राह्यचे नायत. माझा शब्द हाय. कुणी बसलाच तर खुर्चीसकट उचलून गार्डनमधे ठेवीन."

मित्रांनो, त्या रात्री प्रथमच मला मान ताठ करावी लागली नाही. आपोआप ताठ झाली होती.

रविवार उजाडला. वैशाखातला रविवार, नाशिकला असूनही अंगाची लाही होईल असा. झुंबरने मला ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने पुसलं आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलं. संजनावहिनींनी नवऱ्याला सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं आणि संध्याकाळी शिंक येऊन गेल्यावर पुन्हा सांगितलं, "अहो, आज ते टेबल खरंच राखीव आहे. हात लावायचा नाही."

"अगं मला काय कळत नाही का?" राकेशशेठ म्हणाले.

आणि त्यांना कळत होतंच. घोळ केला तो हाताने.

संध्याकाळी गर्दी उसळली. बाकडी भरली, खुर्च्यांमागे माणसं उभी राहिली. वहिनी पार्सलच्या फोनवर, झुंबर आत पापड भाजून घ्यायला गेलेला. अशात दारातून धम्मपाल सर आत आले. सर म्हणजे एका शाळेचे मुख्याध्यापक, दर रविवारचं गिऱ्हाईक. बरोबर बाई, दोन मुलं आणि सरांची म्हातारी आई कुसाबाई. कुसाबाईंचे गुडघे गेलेले, आणि कानही त्याच वाटेवर. त्या एका खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि "लय उकडतंय बाई" एवढं म्हणाल्या.

राकेशशेठनी ते पाहिलं. पुढचं सगळं त्यांच्या पायांनी, हातांनी आणि जिभेने परस्पर केलं. पाय सरांजवळ गेले. मान इकडेतिकडे वळली. आवाज खाली आला. "एक पार्टी यायची होती हो सर. पण जाऊ द्या. तुमच्यासाठी करतो ॲडजस्ट."

आणि दोन बोटांनी मला उचललं.

मी पाय वाजवला, टक टक टक, पण पाटीचं कोण ऐकतं? कुसाबाई कूलरच्या खुर्चीत बसल्या. कूलरचा वारा सगळ्या जगाला लागत होता, फक्त त्या खुर्चीला सोडून. त्यांनी शेठच्या बगलेतून मला ओढलं. "दे रे बाबा इकडं, वारा घेते." आणि मी पंखा झाले.

झुंबर पापडांचं ताट घेऊन बाहेर आला तेव्हा सरांच्या टेबलावर पावभाजी पोचली होती, सर लिंबू पिळत होते आणि कुसाबाई माझा वारा घेत होत्या. ताट झुंबरच्या हातात तसंच थांबलं.

"शेठ," तो म्हणाला, "पाटी?"

राकेशशेठनी रिकाम्या बगलेकडे पाहिलं. चेहऱ्यावरून रंग असा उतरला की निजामभाईंनाही परत लावता आला नसता. ते सरांपाशी गेले. "सर, जरा... ते काय झालं... दुसरीकडे बसाल का? पार्टी येतेय."

सर हसले. "राकेशशेठ, इतकी वर्षं येतो मी. ती पार्टी कधी आलीय का?"

"आज खरंच येतेय."

"म्हणजे आजवर खोटी होती?"

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ चमचा तोंडाशी नेत होते. तो त्यांनी खाली ठेवला. "एक मिनिट. मागच्या महिन्यात आम्हाला बसवलं तेव्हा ती मेडिकलवाल्यांची पार्टी?"

पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला पण मेडिकलवालेच सांगितले होते."

"आम्हाला तर कलेक्टर ऑफिस सांगितलं," कोपऱ्यातून कुणीतरी जरा अभिमानाने म्हणालं.

हॉटेलभर चमचे थांबले. प्रत्येकाची खास ओळख धोक्यात आली होती. राकेशशेठना नेमकी तेव्हा शिंक आली, आणि ती संपायच्या आत गल्ल्यावरून संजनावहिनींचा आवाज आला, "नव्हती हो! कुठलीच पार्टी नव्हती! कधीच नव्हती! आज आहे!"

आणि दारात निजामभाई उभे होते.

पाठीमागे मुस्तकीमभाई, पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, तोंडावर इस्त्रीपेक्षा कडक भाव. त्यांच्या मागे झेबाभाभी आणि अरसलान, सर्वांत मागे माजिदाभाभी आणि मेहविश. मेहविश आता फ्रॉकमधली राहिली नव्हती. आईने तिला रिक्षातच बजावलं होतं, हे मी नंतर ऐकलं: कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

निजामभाईंनी कूलरच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे पाच माणसं पावभाजी खात होती.

"झुंबरभाऊ?" त्यांचा आवाज एवढासा झाला.

झुंबरच्या मिशा खाली आल्या. त्याने सरांच्या खुर्चीला मागून दोन्ही हात घातले. शब्द पाळायची त्याची तयारी होती, पण सर वजनदार होते आणि खुर्ची हलली नाही. "सर, उठा हो," तो काकुळतीने म्हणाला. "माझा शब्द गेला."

"अरे पण मी अर्ध्या पावावर आहे," सर म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांना मानाने बसवलं होतं.

इकडे गर्दी होती, तिकडे खुर्च्यांमागे माणसं होती. जागा मिळेना म्हणून मालेगावची मंडळी आपसूक सरकत सरकत त्याच टेबलामागे आली आणि बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून वाकून उभी राहिली. मुस्तकीमभाईंच्या टोपीखाली कपाळावर एक आठी आली. मग दुसरी आली.

"निजामभाई," ते म्हणाले, "बैठने का इंतजाम नहीं है क्या?"

"है, है, भाईजान, बस एक मिनट..."

"चलो झेबा." मुस्तकीमभाई दाराकडे वळले.

माजिदाभाभींनी डोळे मिटले. निजामभाई रंगाने माखलेली बोटं एकमेकांत गुंतवत राहिले. मित्रांनो, जन्मभर ज्यांची वाट पाहिली ते आले होते, आणि मी एका म्हातारीच्या हातात वारा घालत होते. टक टक. टक टक.

कुसाबाईंना यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी वारा घेता घेता मला डोळ्यांजवळ नेलं, निरखून पाहिलं आणि खुर्चीमागे जी पोरगी सगळ्यात जवळ उभी होती, तिला मोठ्याने विचारलं, "काय गं, ह्या पाटीवर हा कोबी कशापायी काढलाय?"

मेहविशने माझ्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायचं नाही हे तिला आठवत असणार. पण काही गोष्टी माणसाला सहन होत नाहीत.

"तो कोबी नाहीये, आजी," ती म्हणाली. "गुलाब आहे."

"आँ?"

"गुलाब! मी काढलाय!" ती इतक्या जोरात म्हणाली की पार्सल न्यायला आलेला मुलगाही वळला. मुस्तकीमभाईही दारात वळले.

कुसाबाईंनी पाटी खाली ठेवली. "तू काढलाय? मंग पाटी तुझी?"

"हो. माझ्या अब्बांनी रंगवलीय."

कुसाबाईंनी त्या पोरीच्या नव्या ओढणीकडे पाहिलं. तिच्यामागे घाम पुसणाऱ्या आईबापाकडे पाहिलं, इस्त्रीच्या शर्टातल्या पोराकडे पाहिलं. कान गेले होते, डोळे शाबूत होते. "अगं बया," त्या म्हणाल्या, "पोरीला बघाया आल्यात व्हय! आन् आपण हितं चरतोय. धम्मा, ऊठ."

"आई, पावभाजी गरम आहे."

"हातात घे आन् ऊठ. शाळेत पोरास्नी बाकावर उभं करतूस ना? आता तू उभा राहा."

मुख्याध्यापक ताटली हातात घेऊन उभे राहिले. मुलांना इतका आनंद त्या वर्षात झाला नव्हता. कुसाबाईंनी टेबलाला रेटा देऊन स्वतः उठायला सुरुवात केली. गुडघे कटकन वाजले, आणि तेवढ्यात दारातून मुस्तकीमभाई तरातरा आले.

"नहीं अम्मा, नहीं. आप बैठो." त्यांनी कुसाबाईंना खांद्याला धरून परत बसवलं. "आप खडे रहोगे और हम बैठेंगे? हम खडे हैं. कोई बात नहीं."

"काय म्हंतोय ह्यो?" कुसाबाईंनी विचारलं.

"तो म्हणतो, मी उभा राहतो," सर भाजीची ताटली सांभाळत म्हणाले.

"मंग मी बी उभीच राहते."

"अम्मा, बैठो!"

"तू बस आधी!"

मानी माणूस विरुद्ध मानी म्हातारी. दोघेही बसेनात. शेवटी शेजारच्या टेबलावरचे, मेडिकलवाल्यांच्या पार्टीबद्दल विचारणारे गृहस्थ उठले. म्हणाले, "आमचं झालंच आहे, हे टेबल जोडून घ्या." झालं काही नव्हतं, त्यांचा जिरा राईस यायचाच होता. पण त्या दिवशी 'तुमच्यासाठी ॲडजस्ट' म्हणायची पाळी गिऱ्हाइकांची होती. झुंबरने टेबल ओढलं. ते आमच्या टेबलापेक्षा बोटभर उंच निघालं, त्यामुळे पुढे सगळ्यांची आमटी मालेगावकडून इंदिरानगरकडे वाहत राहिली. पण सगळे बसले. मुस्तकीमभाईंनी रुमालाने घाम टिपला आणि कुसाबाईंनी न विचारता मला उचलून त्यांना वारा घालायला सुरुवात केली. त्यांच्या कपाळावरची एक आठी गेली. दुसरी मात्र तिथेच राहिली.

झेबाभाभींनी मला हातात घेऊन नीट पाहिलं. आणि त्या साध्या होत्या, म्हणून खरं बोलल्या, "बेटा, बुरा मत मानो. है तो गोभी ही."

मेहविशने मान खाली घातली. झुंबर पाण्याचे ग्लास घेऊन आला होता. त्या दिवशी त्याने चारही बोटं ग्लासांच्या बाहेर ठेवली होती, आणि त्यामुळे पाणी सगळीकडे सांडत होतं.

तेव्हा अरसलान पहिल्यांदा बोलला.

"नहीं अम्मी," तो म्हणाला. "गुलाब है. साफ दिख रहा है."

मित्रांनो, खोटं बोलण्याच्या बाबतीत मला फसवणं अवघड आहे. मी राकेशशेठच्या हाताखाली तयार झालेली पाटी. तो पोरगा साफ खोटं बोलत होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. तो पाहत होता दुसरीकडेच. पण राकेशशेठचं खोटं टेबल भरण्यासाठी असायचं. हे कशासाठी होतं ते टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. मेहविशने मान वर केली. मुस्तकीमभाईंची दुसरी आठी गेली. कुसाबाईंना काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहून सुनेला सांगितलं, "जमलं."

मग त्यांनी मुलाची उलटतपासणी घेतली. काम काय करतोस, चहा येतो का, पोहे येतात का. "चाय आती है," तो म्हणाला. "पोहे बी शिक," कुसाबाई म्हणाल्या. मुस्तकीमभाई मान डोलावत होते, जणू मुलीकडची आजी हीच. माजिदाभाभींनी पदराने डोळे पुसले आणि झुंबरने घाम समजून कूलर त्यांच्याकडे वळवला.

एवढं झाल्यावर माझी भरभराट व्हायला हवी होती. झालं उलटंच. त्या टेबलावर खरंच लोक येतात, ही बातमी इंदिरानगरभर पसरली. आता रविवारी राकेशशेठनी आवाज खाली आणून "तुमच्यासाठी" म्हटलं की लोक हात जोडायचे. "नको हो शेठ, एखाद्या पोरीचं लग्न मोडायचं." सगळ्यात चांगलं टेबल रविवारी रिकामं आणि लोक बाकड्यावर! शेवटी वहिनींनी मला उचलून गल्ल्याखालच्या खणात टाकलं. तिथे बडीशेपेचं पाकीट, जुना बल्ब आणि मी, असा आमचा संसार आहे. अंधार आहे, झुरळं आहेत. कधी कधी महिनोन्महिने कुणी उघडत नाही.

पण जेव्हा उघडतात तेव्हा खरोखर कुणीतरी येणार असतं.

परवाच खण उघडला. कुसाबाईंचा फोन होता. त्यांनी तो इतक्या मोठ्याने केला होता की मला खणात ऐकू आला. "कोबीचं टेबल ठिव गं संजना. माझी नात आन् जावई येणारेत मालेगावहून." नात म्हणजे मेहविश. निकाहाच्या दिवशीच कुसाबाईंनी तिला नात करून टाकली होती, तिच्या घरच्यांना विचारण्याच्या भानगडीत न पडता.

सगळे आले. निजामभाईंनी खिशातून छोटा ब्रश आणि लाल रंगाची डबी काढली. म्हणाले, "अरसलानमियाँ, आज ह्या पाकळ्या लाल करून टाकतो. एकदाचं होऊन जाऊ दे."

अरसलानने मला दोन्ही हातांनी झाकलं. "नको अब्बा. बिघडेल."

मेहविश हसली. कुसाबाईंनी त्याच्या हातातून मला ओढलं आणि वारा घ्यायला लागल्या. टक टक. टक टक.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, म्हणजे हात असते तर जोडले असते. हॉटेलात गेलात तर जेवणाऱ्याच्या डोक्यावरून वाकू नका, त्याला बडीशेप शांतपणे खाऊ द्या. वेटरच्या हातात चार ग्लास दिसले तर दोन तुम्ही घ्या, म्हणजे त्याला बोटं बुडवावी लागणार नाहीत. टेबलावर पाटी दिसली तर ती वाचा आणि खरी माना. ती खोटी असेल तर लाज पाटी ठेवणाऱ्याची, तुमची नाही.

आणि कधी इंदिरानगरात मी तुम्हाला दिसले, तर माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवून ओरडू नका. तुम्हाला काय दिसतंय ते मला माहीत आहे. तरीही गुलाब म्हणा. एकाने म्हटलं होतं, त्याचं चांगलं झालं.